पेल्यातला 'इंडिया' : एका नावाचा प्रवास

भाषा शिकवणाऱ्या माणसांना एक खोड असते. समोर आलेली वस्तू नीट पाहण्याआधी ती तिचे नाव वाचतात. गेल्या पावसाळ्यात एका माजी विद्यार्थ्याच्या आग्रहावरून आम्ही तिघे प्राध्यापक पुण्यातल्या एका लहानशा मद्यगृहात जाऊन बसलो, तेव्हाही हेच झाले. तिथे बिअर तिथल्या तिथेच तयार होते. आमच्यापैकी दोघे कधीमधी बिअर घेणारे. तिसऱ्या बाई मुळीच न घेणाऱ्या. त्या केवळ सोबतीला आणि, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, पंच म्हणून आल्या होत्या. भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिले होते : 'ज्यूसी डबल आयपीए'. आयपीए म्हणजे 'इंडिया पेल एल'. पेले आले, आणि आम्ही ते उचलण्याआधीच बाईंनी प्रश्न टाकला, "यात इंडिया कुठे आहे?"

"मॅडम, आधी सरांना चव तर घेऊ द्या," विद्यार्थी हसून म्हणाला. चव आम्ही घेतली. पण प्रश्न काही सुटला नाही. पुढचे लेखन हे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम चवीविषयी. या बिअरचा रंग पाहून फसगत होते. बिअर म्हटले की डोळ्यांसमोर येते ते पारदर्शक, सोनेरी पेय. हे मात्र गढूळ, नारिंगीकडे झुकणारे, आमरसात पाणी घातल्यावर दिसावे तसे. वास घेतला तर आधी संत्र्याची साल, मग पिकू लागलेला पेरू, आणि पाठोपाठ आंब्याच्या देठाशी जो चिकाचा उग्र गंध असतो त्याची आठवण. पहिला घोट गोडसर आणि मऊ. जवाच्या जोडीला ओट आणि गहू वापरल्याने आलेला हा मऊपणा जिभेवर सायीसारखा पसरतो. कडवटपणा आहे, परंतु तो मागाहून, घशापाशी जाणवतो; मेथीच्या भाजीचा जाणवावा तसा. सर्वात शेवटी छातीत ऊब उतरते. ती सुमारे ८ टक्के मद्यार्काची. नेहमीच्या सौम्य बिअरमध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत-बाहेर असते. फळांच्या गोड वासाआड ही तीव्रता लपून राहते, आणि अर्ध्या पेल्यानंतर आपण जरा मोठ्याने बोलत आहोत हे दुसऱ्याने सांगावे लागते. ते काम बाईंनी चोख बजावले.

'ज्यूसी'ला मराठीत काय म्हणावे यावरही चर्चा झाली. 'रसाळ' हा शब्द आपण फणसाला आणि कीर्तनकाराच्या वाणीला सारखाच लावतो. मौज अशी की या रसाळ पेयात फळाचा रस सहसा नसतोच. हा सारा फळबाजार हॉप्स नावाच्या एका वेलीच्या फुलोऱ्यातून येतो. ही वेल आणि आपली भांग एकाच वनस्पतिकुळातली. हॉप्सच्या तेलातील एक प्रमुख घटक मायर्सीन. तोच आंब्याच्या वासातही सापडतो. हॉप्समध्ये अत्यल्प प्रमाणात असणारी गंधकयुक्त द्रव्ये पेरू आणि ग्रेपफ्रूट यांच्या गंधातही असतात. म्हणजे आम्हाला आलेला आंब्या-पेरूचा वास भ्रम नव्हता. पण तो आंबा भारतातला नव्हता. अमेरिकेच्या वायव्येकडील हॉप्सच्या मळ्यांतून आलेला होता. घटकांच्या यादीत शोधावे, तर 'इंडिया' सापडत नाही.

मग तो नावात आला कसा? या पेयाविषयीची रूढ कथा अशी : अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या जॉर्ज हॉजसन याने भारतातील इंग्रजांसाठी एक नवीच बिअर शोधून काढली, लांबच्या सागरी प्रवासात ती नासू नये म्हणून तिच्यात हॉप्स आणि मद्यार्क यांचे प्रमाण वाढवले, आणि पुढे १८२७ च्या सुमारास भारताकडे निघालेले एक जहाज फुटल्यावर त्यातील पिंपांचा लिलाव होऊन इंग्लंडमधील लोकांना तिची गोडी लागली. कथा सुबक आहे, आणि सुबक कथांविषयी आपल्या विषयाच्या अभ्यासकांनी जितके सावध असावे तितके इतिहासाच्या अभ्यासकांनीही असावे. हॉजसनच्या शोधाची आणि फुटलेल्या जहाजाची गोष्ट विल्यम मॉलिन्यू याच्या बर्टन गावावरील १८६९ सालच्या पुस्तकातून पसरली. ब्रिटिश बिअरचे इतिहासकार मार्टिन कॉर्नेल यांनी जुनी वृत्तपत्रे आणि कागदपत्रे चाळून दाखवून दिले, की या कथेला समकालीन आधार नाही. उष्ण प्रदेशात पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स अधिक घालावेत, हा सल्ला इंग्रज बिअरउत्पादकांना १७६० च्या दशकापासूनच मिळत होता. हॉप्समधील कडू आम्ले बिअर नासवणाऱ्या कित्येक जिवाणूंना रोखतात, हे आज रसायनशास्त्रानेही मान्य केले आहे. पण काळीभोर पोर्टर बिअरदेखील त्याच जहाजांतून भारतात येत होती आणि पिण्याजोगी पोहोचत होती.

हॉजसनचे यश शोधापेक्षा जागेचे आणि उधारीचे होते. पूर्व लंडनमध्ये बो येथे १७५२ साली सुरू झालेला त्याच्या घराण्याचा कारखाना ब्लॅकवॉलच्या धक्क्यापासून जवळ होता, आणि ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे तिथेच नांगरत. जहाजाच्या कप्तानांना स्वतःच्या हिशेबावर थोडाफार व्यापार करण्याची मुभा असे. भारताकडे जाताना जहाजांत माल कमी, त्यामुळे भाडेही कमी. हॉजसन या कप्तानांना अठरा महिन्यांपर्यंतची उधारी देई. कप्तान पिंपे घेऊन निघत, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून चार-सहा महिन्यांनी मुंबई, मद्रास वा कलकत्ता गाठत. त्या हेलकाव्यांत आणि उष्णतेत शरद ऋतूत गाळलेली ती कडक, फिकट बिअर अशी काही मुरे, की इंग्लंडच्या तळघरात तिला वर्षे लागली असती.

पुढे १८२० च्या दशकाच्या आरंभी हॉजसनच्या वारसांनी हाव धरली. त्यांनी उधारी आखडली, भाव वाढवले, आणि कप्तानांना बाजूस सारून स्वतःच निर्यात सुरू केली. तेव्हा कंपनीचे एक संचालक कॅम्बेल मार्जोरीबँक्स यांनी बर्टन-ऑन-ट्रेंट येथील सॅम्युएल ऑल्सप यांना भारतासाठी अशीच बिअर करून पाहण्यास सुचवले. रशियाने आयातकर वाढवल्यामुळे बर्टनकरांची तिकडची बाजारपेठ नुकतीच हातची गेली होती. ऑल्सपकडील जॉब गुडहेड या कारागिराने नमुन्याची पहिली बिअर म्हणे चहाच्या किटलीत बनवली. बर्टनच्या विहिरींचे पाणी जिप्समयुक्त. त्यामुळे तिथल्या बिअरचा कडवटपणा अधिक स्वच्छ आणि धारदार निघाला. ऑल्सपपाठोपाठ बास उतरला, आणि हॉजसन मागे पडला. विशेष असे, की या पेयाच्या नावात 'इंडिया' आल्याचा अगदी आरंभीचा छापील पुरावा सापडतो तो १८२९ साली, ऑस्ट्रेलियातील सिडनीच्या एका वृत्तपत्रातील जाहिरातीत. भारतात येणाऱ्या पिंपांवर 'भारत' लिहिण्याची गरज नव्हती. ते नाव इतरांना विकताना उपयोगी पडले.

तेव्हा बाईंच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे : या नावातला 'इंडिया' म्हणजे उगम नव्हे, पत्ता होय. पैठणी म्हटले की ती पैठणची, कोल्हापुरी म्हटली की ती कोल्हापूरची, अशी आपली समजूत असते. पंचमी विभक्तीचा अर्थ आपण नावात गृहीत धरतो. इथे विभक्ती चतुर्थी आहे : भारतासाठी. आणि 'भारतासाठी' हेही पुरते खरे नाही. ही फिकट, महाग बिअर पीत ते प्रामुख्याने कंपनीचे अधिकारी, व्यापारी, लष्करी अंमलदार. साध्या गोऱ्या शिपायाच्या वाट्याला पोर्टर किंवा इथलीच स्वस्त दारू येई. भारतीय माणूस या चित्रात दिसतो तो आबदार म्हणून. सोरा विरघळवलेल्या पाण्यात बाटली फिरवून ती गार करणारा हा नोकर. कलकत्त्यात १८३३ साली अमेरिकेहून जहाजाने बर्फ आला, तोवर साहेबाच्या बिअरचा थंडावा त्याच्याच हातात होता. त्याच्या कामाचे नाव तेवढे उरले आहे. 

उत्तर इथे थांबले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते. पण टेबलावर बसलेला आमचा विद्यार्थी जव्हारकडचा. तो शांतपणे म्हणाला, "सर, आमच्या आजोबांना मोहाची गाळली म्हणून दंड झाला होता. आजी ती गोष्ट हसत सांगायची, पण आजोबा त्या वेळी उठून बाहेर जायचे." मग त्याने समोरच्या पेल्याकडे पाहिले. "आणि ही गाळणाऱ्याचं मात्र फळ्यावर नाव आहे."

त्याच्या वाक्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. इंग्रजी बिअर ज्या काळात मुंबईच्या बंदरात रीतसर जकात भरून उतरत होती, त्याच काळात मुंबई इलाख्याचे सरकार इथल्या पेयांना बेड्या घालत होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी-माडीच्या झाडांवर आणि दारू गाळण्यावर सरकारी पकड घट्ट केली. गाळण्याचा हक्क मक्तेदारांच्या भट्ट्यांकडे गेला आणि घरची भट्टी गुन्हा ठरली. झाडावरचा कर वाढला तेव्हा माडी काढणारा भंडारी समाज भरडला गेला. १८९२ साली तर खास मोहाच्या फुलांसाठी कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत जंगलात आपोआप गळून पडणारी फुले वेचणे आणि बाळगणे हेच निर्बंधांखाली आले. आदिवासींच्या दृष्टीने मोह म्हणजे केवळ दारू नव्हे. ते अन्न होते, औषध होते, देवाचा नैवेद्य होता. डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातसंबंधी लिहिलेल्या १९८५ सालच्या निबंधाच्या शीर्षकातच या बदलाचे सार आहे : रूढीपासून गुन्ह्यापर्यंत.

यात सरकारला लोकांच्या व्यसनाची चिंता होती असे म्हणवत नाही. अबकारी हे उत्पन्नाचे मोठे साधन होते, आणि दुकाने वाढणे हे त्या उत्पन्नाच्या हिताचे होते. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुले यांनी शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध लेखी आवाज उठवला, तो याच पार्श्वभूमीवर. घरची, सणासुदीची, सौम्य माडी मागे हटली. दुकानातली, रोजची, कडक दारू पुढे आली.

येथे आमच्या अभ्यासविषयाचा संबंध येतो. मराठी साहित्यात मद्य आले ते बहुधा अनर्थ म्हणून. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली, त्यांच्या निधनानंतर, रंगभूमीवर आले. तेव्हापासून सुधाकर, सिंधू आणि तळीराम यांच्याखेरीज मराठी माणसाला दारूचा विचार करता येत नाही. सुधाकराच्या पेल्यात नेमके काय होते, ते कोणत्या चवीचे होते, हे आपल्यापैकी कोणी कधी वर्गात विचारले आहे काय? नाटकाला त्याची गरज नाही, आणि त्यात नाटकाचे काही चुकलेही नाही. सिंधूच्या घरात जे उद्ध्वस्त झाले त्यापुढे चवीची चौकशी क्षुद्र ठरते, आणि अशी घरे आजही आहेत. मात्र वकील असलेल्या सुधाकराची शोकांतिका आणि आर्यमदिरामंडळाची थट्टा या दोन टोकांमध्ये आपले मद्यविषयक साहित्य बराच काळ फिरत राहिले, आणि जव्हारच्या आजोबांचा प्याला त्याच्या कक्षेबाहेर राहिला. त्या प्याल्याला चव होती, ऋतू होता, शब्द होते. ताडी, माडी, नीरा यांतला फरक ज्या जिभेला कळतो ती अडाणी जीभ नव्हे. 'पहिल्या धारेची' हा शब्दप्रयोग भट्टीपाशी जन्मला आणि आज आपण तो राजकारणापासून शिव्यांपर्यंत कशालाही लावतो. भट्टी गुन्हा ठरली, शब्दप्रयोग तेवढा निर्दोष सुटला.

आता पुन्हा फळ्यावरच्या नावाकडे वळू. विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये महायुद्धे, कर आणि मद्यविरोधी चळवळ यांच्यामुळे बिअर पातळ होत गेली. आयपीए हे नाव उरले, पण पुष्कळदा ४ टक्क्यांहून कमी मद्यार्काच्या साध्या बिअरवर. तिचे पुनरुज्जीवन झाले ते अमेरिकेत. तिथे १९७२ साली कॅस्केड ही संत्रावर्गीय वासाची हॉप्सची जात आली. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी घरी बिअर बनवण्यास मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि हौशी मंडळींतून नवे उत्पादक पुढे आले. कॅलिफोर्नियातील टेमेक्युला येथे व्हिनी सिलुर्झो याने १९९४ साली ब्लाइंड पिग या आपल्या लहानशा कारखान्यातील पहिल्या बिअरसाठी हॉप्स जवळजवळ दुप्पट केले. त्याची उपकरणे जुनी होती. एखादा दोष राहिलाच तर कडवटपणाखाली झाकला जावा, हा हेतू. डबल आयपीएचा आरंभ बहुधा याच बिअरपासून मानतात. हिलाच 'इम्पीरिअल आयपीए' असेही म्हणतात. हे विशेषण लंडनहून रशियाच्या राजदरबारी जाणाऱ्या कडक स्टाउट बिअरवरून उसने घेतलेले. तेव्हा 'इम्पीरिअल इंडिया' हे शब्द आज कोणाच्याही मनात काही न खटकता एका पेल्यावर शेजारी शेजारी बसतात.

आमच्या पेल्यातली गढूळ, रसाळ तऱ्हा याहून अलीकडची. व्हर्मांटमधील वॉटरबरी येथे जॉन किमिच याने २००४ साली 'हेडी टॉपर' ही ८ टक्क्यांची डबल आयपीए प्रथम बनवली. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुरात त्याचे मद्यगृह वाहून गेले. पण त्याच दिवसांत डबे भरण्याचा नवा कारखाना सुरू झाला आणि ही बिअर दूरवर गाजली. २०१८ साली अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशनने 'ज्यूसी अथवा हेझी' अशी स्वतंत्र वर्गवारीच मान्य केली. या तऱ्हेत हॉप्स उकळीच्या वेळी कमी आणि नंतर, द्रव निवल्यावर, जास्त घालतात. त्यामुळे कडवटपणा मागे राहतो आणि वास पुढे येतो. पाण्यातही बर्टनच्या उलट रीत : सल्फेट कमी, क्लोराइड जास्त, धार नको, मऊपणा हवा.

सर्वात मोठा उलटफेर काळाचा आहे. मूळच्या बिअरची कीर्ती टिकण्यात होती. महिनोन्महिने समुद्रावर हेलकावे खाऊन ती अधिक चांगली होई. आजची रसाळ डबल आयपीए अत्यंत नाशवंत. ती थंडीत ठेवावी आणि काही आठवड्यांत संपवावी. नाहीतर तिचा आंबा-पेरू उडून जातो, रंग काळवंडतो. केपला वळसा घालून ती मुंबईला आली असती तर पिण्याजोगी राहिली नसती. ज्या प्रवासामुळे नाव मिळाले तो प्रवास हिला झेपणारा नाही. नाव मात्र तेच आहे. गोव्याच्या काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे नाव तिच्या मातीशी कायद्याने बांधले गेले. 'इंडिया' हे नाव मात्र व्हर्मांटपासून पुण्यापर्यंत कोणीही, कशावरही लावावे.

नावे अशी भटकतात, हे मराठी माणसाने आश्चर्याने ऐकावे असे नाही. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहून कंटाळलेले गोरे शिपाई वेडावत, म्हणून इंग्रजीत 'डुलाली' हा शब्द भ्रमिष्टपणासाठी रूढ झाला. पुण्यात २००९ साली बिअर बनवू लागलेल्या एका कंपनीने तेच नाव धारण केले. देवळाली इंग्रजांच्या तोंडी बिघडली आणि बिघडलेल्या रूपात घरी परतली. कोशकाराने अशा परतीच्या वाटा नोंदवाव्यात. त्यांचा अभिमानही बाळगू नये आणि रागही.

त्या संध्याकाळी बाईंनी पेला नाकापाशी नेला, वास घेतला आणि परत ठेवला. "आंबा आहे खरा," त्या म्हणाल्या. मग विद्यार्थ्याला विचारले, "आजीला मोहाच्या वासासाठी काही शब्द होता का रे?" तो बराच वेळ आठवत राहिला. शब्द होता, पण त्याला तो आठवेना. आजी चार वर्षांपूर्वी गेली.

या पेल्यातील आंब्याच्या वासासाठी इंग्रजीत वर्गवारी आहे, नियम आहेत, स्पर्धा आहेत. आमच्याकडे एक संपूर्ण शब्दसंपत्ती बोलणाऱ्यांबरोबर संपत चालली आहे, कारण ती ज्या गोष्टीविषयी होती ती आपण आधी गुन्हा आणि नंतर लाज ठरवली. दारूचे गोडवे गाण्यासाठी नव्हे, तर भाषेचा हिशेब पुरा करण्यासाठी हे शब्द गोळा व्हायला हवेत, असे आम्हांस वाटते. येत्या सत्रात पदव्युत्तर वर्गाला बोलीविषयक प्रकल्प द्यायचा आहे. त्याचा विषय ठरवून आम्ही त्या दिवशी उठलो. विद्यार्थ्याने त्याच्या आत्याचा पत्ता दिला आहे. आजीचा शब्द तिला माहीत असेल, असे तो म्हणतो.